घरातले क्रोटन आणि अहिंसेचा प्रश्न

क्रोटन ही शोभेच्या पानांची झुडपे मूळची मलाया द्वीपसमूह, मोलुकास, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधल्या बेटांची. शास्त्रीय नाव कोडियम व्हेरिगेटम, कुळ एरंडाचे. हुगळीच्या पूर्व काठावरचे बराकपूर या झाडाला चांगलेच मानवते. उन्हाळा दमट, पाऊस भरपूर आणि थंडी थोडक्या दिवसांची, त्यामुळे तिथल्या घरांच्या पायऱ्यांवर, गॅलऱ्यांत आणि बैठकीच्या खोल्यांत क्रोटनच्या कुंड्या हमखास दिसतात. बंगालीत त्याला पाताबहार म्हणतात. शोभेच्या झाडांचे वेड या गावाला जुने आहे. गव्हर्नर जनरलांचे उद्यानगृह इथेच होते. गव्हर्नर जनरलांच्या पत्नी लेडी कॅनिंग यांनी तिथली बाग मनापासून सजवली, झाडाफुलांची जलरंगचित्रे काढली आणि 1861 साली कलकत्त्यात निधन झाल्यावर त्यांचे दफनही बराकपूरलाच झाले.

निव्वळ डोळ्यांच्या सुखासाठी एक सजीव आपल्या खोलीत आणून ठेवावा का, आणि ठेवला तर त्याचे काय देणे लागते, असा प्रश्न या कुंड्यांतून उभा राहतो. बराकपूरजवळच्या नीलगंजला ताग संशोधन संस्था आहे. तागाचे पीक कापतात, पाण्यात कुजवतात, त्याचा धागा काढतात. त्याच्या उपयोगापुढे हा प्रश्न कोणी विचारत नाही. क्रोटनचा असा उपयोग नाही, म्हणून त्याच्या बाबतीत प्रश्न टाळता येत नाही.

भारतीय परंपरेने वनस्पतीला जड मानलेले नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भारद्वाज शंका घेतो की झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग त्यांच्यात पंचमहाभूते कशी? भृगूचे उत्तर निरीक्षणावर उभे आहे. उष्णतेने पाने कोमेजतात, म्हणजे झाडाला स्पर्श कळतो. गडगडाटाने फळेफुले गळतात, म्हणजे त्याला ऐकू येते. वेल वाट काढत आधाराला वेढतो, म्हणजे त्याला दिसते. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही वनस्पतींना आतली जाणीव आणि सुखदुःख असल्याचे म्हटले आहे. जैन विचार आणखी बारकाईने जातो. वनस्पती हे एकेंद्रिय जीव, पण त्यांतही ‘प्रत्येक’ नावाच्या वनस्पतीत एका देहाला एक जीव आणि ‘साधारण’ नावाच्या वनस्पतीत एका देहात अनंत जीव, असा भेद तो करतो.

बराकपूरहून नदीच्या त्याच काठाने दक्षिणेला गेले की दक्षिणेश्वर लागते. तिथल्या रामकृष्ण परमहंसांना एकदा पूजेसाठी फुले खुडताना जाणवले की फुललेले झाड आधीच विराट पुरुषाला वाहिलेले आहे. त्यानंतर त्यांचे फुले खुडणे थांबले. कोवळ्या हिरवळीवरून कोणी चालत गेला तर त्यांच्या छातीत कळ येई, असेही त्यांच्या चरित्रात येते. कलकत्त्यातच जगदीशचंद्र बसूंनी उपकरणांनी वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद नोंदले आणि 10 मे 1901 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्रयोग दाखवले. वनस्पतीत मज्जासंस्था नाही आणि असा प्रतिसाद म्हणजे वेदना असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानत नाहीत. पण देणे ठरवायला वेदना सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. क्रोटनच्या बाबतीत ते देणे त्याच्या रंगातच आहे.

फुलाचा रंग परागण करणाऱ्या कीटकांना बोलावतो, म्हणजे तो झाडाच्या कामाचा असतो. बागेतल्या क्रोटनच्या पानांचे चट्टेपट्टे मात्र माणसाने आपल्या डोळ्यांना आवडतील तसे निवडत नेले. पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, म्हणून अन्नही कमी तयार होते. आपल्याला सुंदर वाटणाऱ्या भागाची किंमत झाड देते. ती परवडावी म्हणून त्याला भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत नवी पाने हिरवीच येतात, खालची गळतात आणि खोड उंच, उघडे होते. पूर्व किंवा दक्षिणेच्या खिडकीपाशी सकाळचे ऊन मिळाले तर अनेक जातींची पिवळसर पाने वयाबरोबर तांबडी होतात. जागा वारंवार बदलली तरी हे झाड पाने टाकते. मातीचा वरचा थर सुकल्यावर पाणी द्यावे. पावसाळ्यात कमी, डिसेंबर-जानेवारीत आणखी कमी. रात्री पारा 12 अंशांपर्यंत उतरला की कुंडी थंड वाऱ्यापासून आत घ्यावी.

इथून पुढे अहिंसेची खरी अडचण सुरू होते. वातानुकूलित खोलीच्या कोरड्या हवेत पानांखाली कोळी कीड होते. झाड वाचवायचे तर ती धुऊन काढावी लागते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले तर डेंग्यूचे डास होतात, म्हणून ते ओतून टाकावे लागते आणि अळ्या मरतात. फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडा खुडायचा. गुटी कलमासाठी खोडाची साल वर्तुळाकार सोलून ओले शेवाळ बांधायचे, मग तिथे मुळे फुटतात. जखमेतून नवे झाड येते, आणि ते त्याच जुन्या झाडाचा विस्तार असते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी ही अडचण 1290 साली मांडली आहे. जीव वाचवणारा आयुर्वेद मुळे खणतो, साली सोलतो, म्हणजे जीवासाठी जीवाचाच घात करतो, असे ते दाखवतात. त्या उणिवेवर ते थांबत नाहीत. खरा अहिंसक कसा ओळखावा हे सांगताना त्याचे चालणे, बोलणे, पाहणे, हातांची हालचाल यांचे ते सावकाश वर्णन करतात. अहिंसा तिथे देहाच्या वागण्यात उतरते. कुंडीपुढच्या माणसाला ही कसोटी लागू पडते: शेंडा खुडण्यामागे झाडाची गरज आहे की आपली हौस, जागा बदलण्यामागे ऊन आहे की सजावट.

म्हणून खोलीत झाड ठेवणे अहिंसेच्या विरुद्ध नाही, पण त्याची जबाबदारी निरंतर आहे. रानातले झाड पावसावर जगते; कुंडीतल्या झाडाचा पाऊस माणूसच असतो. ज्या घरात सकाळचे ऊन येत नाही किंवा महिनोन्‌महिने कोणी राहत नाही, तिथे क्रोटन आणू नये. कोणाला भेट द्यायचे असेल, तर आधी त्याच्या घरातली खिडकी पाहावी.