मोहफुलांच्या वाटेवरची भीती

चैत्रात पहाटे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या गावांतून बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. उशीर केला तर गुरं-हरणं फुलं खाऊन टाकतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं. वाघाच्या फिरण्याची वेळही तीच. मोहाचा हंगाम सरला की तेंदूपानाचा. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

समजा, अशा एखाद्या गावातली बाई दवाखान्यात येऊन सांगते, "झोप लागत नाही, छाती धडधडते, जंगलाकडे पायच वळत नाही." पुस्तकात यावर चांगला, कसोटीला उतरलेला उपचार आहे. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं, म्हणजे काही होत नाही हे मनाला पटत जातं. लिफ्टला घाबरणाऱ्या पुणेकराला तो लागू पडतो. इथे मात्र काही होऊ शकतं! तिच्या भीतीत आजार किती आणि शहाणपण किती, हे आधी निवडावं लागेल. उन्हं वर आल्यावर, चौघींच्या सोबतीनेही पाऊल उचलत नसेल, घरात कडी लावूनही धडधड थांबत नसेल, तर तेवढं डॉक्टरचं काम. उरलेलं वनखात्याचं.

माणसागणिक उपचार म्हटलं की शहरात जनुकांच्या चाचण्यांची चर्चा सुरू होते. पहिलंच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हे खरं आहे. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या सुमारे ४,००० रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या औषधाने नैराश्यातून पुरते बाहेर आलेले जेमतेम एक तृतीयांश होते. पण कोणाला कोणतं औषध मानवेल, हे खात्रीने सांगणारी रक्तचाचणी अजून हाती नाही. तोवर प्रश्न विचारत राहणं, एवढाच मार्ग. आणि त्यातले कितीतरी प्रश्न वैद्यकीय वाटतही नाहीत.

लिथियमचं पाहा. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारावरचं हे जुनं, गुणी औषध. पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम चढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. बँकेत पंख्याखाली बसणाऱ्याला आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात तेंदूपानं तोडणाऱ्याला एकच चिठ्ठी कशी चालेल? शिवाय वरचेवर रक्त तपासायचं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण नागभीडहून शंभरेक किलोमीटरवर. नागपूरला जाणारी छोटी गाडी २०१९ मध्ये रुळांच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. एक फेरी म्हणजे एक रोजी बुडाली. अशा घरासाठी पुस्तकातल्या पहिल्या क्रमांकाच्या औषधापेक्षा तपासण्या कमी मागणारं दुसरं औषध कधीकधी बरं, असं म्हणणाऱ्या डॉक्टरला आळशी समजू नये.

गावातच ऐकणारं माणूस असलं तर काय होतं, हे विदर्भानेच दाखवलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. (नैराश्य हा शब्द गावात कोणी उच्चारत नाही. टेन्शन मात्र सगळ्यांना येतं.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शोधग्रामचा दवाखाना आदिवासींना विचारून, गावासारखा झोपड्यांचा बांधला, नातेवाइकांना सोबत राहू दिलं आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. गोष्ट मोठी आहे. धोका आहे तो तिची नक्कल करण्यात. गोंड रुग्ण म्हणजे झोपडी, देवी आणि अख्खं गोत भोवती, असा साचा पाडला की तोही तयार कपडाच. आयटीआयला जाणाऱ्या एखाद्या गोंड मुलाला नेमकं उलटं हवं असेल: बंद दाराची खोली आणि गावातलं कोणीही नको.

असं हवं-नको कायद्याने लिहून ठेवता येतं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे कोणाही सज्ञान माणसाला, आजारी पडण्याआधीसुद्धा, आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच नोंदवता येतं. आपल्या वतीने बोलणारं माणूसही नेमता येतं. नागभीडच्या बाईने असा कागद केला तर त्यात काय असेल? रोवणीच्या दिवसांत गुंगी आणणारं औषध नको. सोबत नवरा नको, बहीण हवी. आणि बरं वाटू लागल्यावर, पहाटे एकटीला मोहाखाली पाठवू नका.