वाफशाची वाट

जालना जिल्ह्याने मराठी माणसाला सावधपणाची सर्वांत गाजलेली गोष्ट दिली. जांबचा नारायण ठोसर, जन्म १६०८. बारा वर्षांचा असताना ‘सावधान’ ऐकताच तो बोहल्यावरून पळाला, अशी आख्यायिका. आपण ती वैराग्याची म्हणून सांगतो. पण अंतरपाट धरेपर्यंत उभा राहीन, हा आईला दिलेला शब्द पाळून तो निघाला, हा तिचा खरा गाभा वाटतो. थांबायचे तेवढे थांबला, मग क्षण दवडला नाही. पुढे रामदास झाल्यावर त्याने दासबोधाच्या अकराव्या दशकात हरिकथा आणि राजकारण यांच्यानंतर तिसरा मान सावधपणाला दिला आणि लगेच चौथा साक्षेपाला, म्हणजे नेटाने करायच्या उद्योगाला. हे शेजारपण आपण विसरतो आणि भित्रेपणालाच सावधपणा म्हणू लागतो.

त्याच जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या शिवारात दर जूनला थांबावे की पेरावे, हा पेच उभा राहतो. मृग निघतो, एखादी सर येते, ढेकळे भिजतात. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. वरवरच्या ओलीवर बी मोडावते आणि खंड पडला की करपते. मग दुबार पेरणी. फार थांबावे तर मुगा-उडदाची वेळ जुलैच्या सुरुवातीलाच सरते आणि झड लागली तर वाफसाच होत नाही. शहाणा शेतकरी माती मुठीत दाबून पाहतो, सोयाबीनच्या चार ओळींशेजारी तुरीच्या दोन ठेवतो आणि वाफसा आला की दिवस मोडत नाही.

शहरातून ‘घाई नको’ म्हणणे सोपे आहे. भाड्याचा ट्रॅक्टर आजच मिळणार असेल, तर उसनवारीवर बियाणे आणलेला माणूस आजच पेरतो. (बांधापलीकडच्याने पेरले की जीव थाऱ्यावर राहत नाही, ते वेगळेच.) त्याला अविचारी म्हणू नये. थांबायलाही गाठीला पैसा लागतो.

काही सावधपणा मात्र फुकट आहे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, पोत्यांच्या आदळआपटीनेही उगवण घटते. घरचे बियाणे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सत्तरांना मोड आले तर पेरा. थोडे कमी आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. फारच कमी आले तर ते बियाणे रानात नेऊ नका.