अंगण ज्याचं, गोष्ट त्याची?

उत्तर इटलीत, पियाचेंझा जिल्ह्यातल्या डोंगरांत बोब्बियो नावाचं एक गाव आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. खालून ट्रेबिया नदी वाहते. तिच्यावर लहानमोठ्या अकरा कमानींचा जुना दगडी पूल आहे. तो इतका वरखाली होत जातो की लोक त्याला ‘कुबडा पूल’च म्हणतात. गावात इसवी सन ६१४ मध्ये कोलुंबानस या आयरिश संताने स्थापन केलेला मठ आहे. उन्हाळ्यात या मठाच्या अंगणात खुर्च्या मांडतात, पडदा लावतात आणि अंधार पडला की सिनेमा सुरू होतो.

हा बोब्बियोचा चित्रपट महोत्सव. सिनेमा संपला की इथे दिवे लागतात आणि ज्यांनी तो बनवला, ते लोकांसमोर बसतात. लोक प्रश्न विचारतात. इथल्या बक्षिसाचं नावही पुलावरूनच आलंय, ‘सोनेरी कुबडा’.

महोत्सव सुरू करणारा दिग्दर्शक मार्को बेलोक्यो याच गावचा. जन्म १९३९चा. या महोत्सवाकडे बघताना मला एक प्रश्न छळतो आणि त्याचं मूळ बेलोक्योच्या पहिल्या सिनेमात आहे.

१९६५ साली पंचविशीतल्या बेलोक्योने ‘इ पुन्यी इन तास्का’ म्हणजे ‘खिशातल्या मुठी’ हा सिनेमा केला. कुठल्या बड्या स्टुडिओच्या जिवावर नाही. शूटिंग बोब्बियोत, स्वतःच्या कुटुंबाच्या घरात. गोष्ट काय? डोंगरातल्या एका घरात आंधळी आई आणि तिची चार मोठी मुलं राहतात. त्यातला एक मुलगा ठरवतो की हे आजारी, कुजकं कुटुंब संपलं पाहिजे. तो आईला कड्यावरून ढकलतो. पुढे एका भावाचाही जीव घेतो. धर्म, कुटुंब, आईपण, ज्याला ज्याला पवित्र म्हणतात त्या सगळ्यावर हा सिनेमा थुंकतो. जगभर त्याची चर्चा झाली आणि बेलोक्यो मोठा दिग्दर्शक झाला.

घर मात्र तिथेच राहिलं. गावही तिथेच राहिलं. ज्या भिंतींमध्ये माणसं जेवली, आजारी पडली, मेली, त्या भिंती आता एका भयंकर गोष्टीच्या भिंती झाल्या होत्या. मग पुढे कितीतरी वर्षांनी हाच माणूस महोत्सव घेऊन गावात येतो. याला काय म्हणायचं? परतफेड? आणि मुळात, ज्या जागेतून आपण गोष्ट उचलतो, त्या जागेचं आपण काही देणं लागतो का?

पहिलं उत्तर सोपं आहे: काही लागत नाही. कलावंताने खरं सांगावं, बाकीचं त्याच्या डोक्यावर नाही. या उत्तरात दम आहे. घराबद्दल बोलण्याआधी प्रत्येकाने घराची परवानगी घेतली असती, तर घराबद्दलचा एकही खरा सिनेमा बनला नसता. ज्या घरांबद्दल बोलणं सर्वांत गरजेचं असतं, नेमकी तीच घरं परवानगी देत नाहीत. शिवाय गावाला दुखवू नये म्हणून गोडगोड बोलणं हाही गावाचा अपमानच. त्यात आपण आधीच गृहीत धरतो की या लोकांना खरं झेपणार नाही.

दुसरं उत्तरही सोपं आहे: देणं लागतो आणि महोत्सवाने ते फिटतं. पाहुणे येतात, खाणावळी चालतात, गावाचं नाव होतं. २०१९ साली इटलीच्या सरकारी टीव्हीवरच्या स्पर्धेत बोब्बियो देशातलं सर्वांत सुंदर छोटं गाव ठरलं. पण हा हिशेब मला पटत नाही. एखाद्याचं दुःख उचलायचं आणि बदल्यात त्याला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, हा सौदा झाला. आणि अशा सौद्यात गावाचं नेपथ्य व्हायला वेळ लागत नाही. दगडी भिंत, जुना मठ, पडद्यामागे डोंगर, छान फोटो येतो. फोटोत गाववाले असले काय, नसले काय.

हा प्रश्न फक्त दिग्दर्शकांचा होता, तोवर ठीक होतं. आता तो माझाही आहे, कारण माझ्या हातात फोन आहे. दोन वर्षांपूर्वी आजी लसूण सोलता सोलता गेलेल्या आजोबांना शिव्या घालत होती. मी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि टाकला. हजारो लोक हसले. आजीला हे कळलं ते एका लग्नात, जेव्हा एका अनोळखी मुलीने तिला सांगितलं, “आजी, ते परत म्हणून दाखवा ना!” तेव्हा ती हसली. रात्री मला विचारलं, “ते लोक कशाला हसले गं?” मला उत्तर देता आलं नाही. मी तिचं काय घेतलं होतं, ते त्या प्रश्नाने मला कळलं.

म्हणून मला वाटतं, हे देणं पैशाचं नसतं आणि कौतुकाचंही नसतं. ते जबाबाचं असतं. ज्याची गोष्ट घेतली त्याच्यासमोर बसायचं आणि त्याने विचारलं की उठून जायचं नाही.

बेलोक्योलाही हे लगेच जमलं नाही. त्याला कामिल्लो नावाचा जुळा भाऊ होता. डिसेंबर १९६८ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, कामिल्लोने आत्महत्या केली. १९८२ साली बेलोक्योने ‘डोळे, तोंड’ या सिनेमात जुळ्या भावाच्या आत्महत्येची गोष्ट सांगितली, पण नावं बदलून, कथेच्या आडून. आड न घेता तो बोलला २०२१ साली, ‘मार्क्स थांबू शकतो’ या माहितीपटात. तेव्हा तो ऐंशी पार केलेला होता. हे नाव कामिल्लोच्याच एका वाक्यावरून आलंय. मार्को त्याला राजकारणात पडायला सांगत होता, तेव्हा त्याने दिलेलं ते उत्तर होतं. माहितीपटात म्हातारी भावंडं एकेक करून बोलतात. कामिल्लोने मदत मागत मार्कोला पत्र लिहिलं होतं, ही गोष्टही त्यात येते. जगाने ज्याला थोर म्हटलं तो माणूस इथे आरोपीच्या जागी बसतो. माफी मिळत नाही, कारण ती देणारा उरलेला नाही.

बोब्बियोतलं त्याचं कामही मला याच्याशी जोडलेलं वाटतं. महोत्सवाच्या जोडीने तिथे तो तरुणांसाठी सिनेमाची कार्यशाळा घेत आला. त्यातूनच, वर्षानुवर्षं थोडंथोडं शूटिंग करत, २०१०चा ‘सोरेल्ले माई’ तयार झाला. त्यात त्याच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत, मुलगा आहे आणि बघता बघता लहानाची मोठी होणारी मुलगी आहे. ज्या गावात त्याने पडद्यावर एक कुटुंब मारलं, त्याच गावात त्याने स्वतःच्या कुटुंबाला म्हातारं होताना आणि वाढताना दाखवलं.

म्हणून देणं फिटलं का? नाही. कॅमेरा शेवटी त्याच्याच हातात होता, काय ठेवायचं आणि काय कापायचं हे त्यानेच ठरवलं. मठाच्या अंगणातही माईक कुणाला मिळतो आणि कोण मागच्या रांगेत गप्प बसतो, हा प्रश्न उरतोच. पण गोष्ट घेऊन कायमचं निघून जाणं आणि दर उन्हाळ्यात परत येऊन दिवे लावणं, यात फरक आहे. दिवे लागले की सांगणाऱ्याचाही चेहरा दिसतो.

गेल्या दिवाळीत मी आजीशेजारी बसून तिला तो व्हिडिओ दाखवला, पहिल्यांदाच. मग खालच्या कमेंट वाचून दाखवल्या. दोन तिने पुन्हा वाचायला लावल्या. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “मी चिडले होते गं तेव्हा. हे मला असं टाकून गेले म्हणून.”

व्हिडिओ मी काढून टाकला. ती म्हणाली, “आता काढून काय उपयोग? बस जरा. कसे गेले ते सांगते.”

फोन मी दुसऱ्या खोलीत ठेवून आले.