ग्राहकाची झडती

ज्यानें कांहीं दडविलेलें नाहीं त्यानें प्रश्नांस भिण्याचें कारण काय, असा युक्तिवाद हल्लीं वारंवार ऐकूं येतो. संगणक विकत घेणारास दुकानदार नांव, पत्ता व मोबाइलचा क्रमांक विचारतो; अमेरिकेंत तर हें यंत्र देशाबाहेर नेणार काय, हेंहि कोठें कोठें विचारतात. या युक्तिवादांत एक गोष्ट मुकाट्यानें गृहीत धरलेली असते, ती ही कीं, विचारणारा उत्तर नीट ऐकतो व जपून ठेवतो.

रेडिओशॅक या अमेरिकन दुकानांनीं १९७७ मध्यें आपला घरगुती संगणक बाजारांत आणला. बॅटरीसारखी क्षुल्लक वस्तु घेणारासहि नांवपत्ता विचारण्याची त्यांची ख्याति होती. ती चाल त्यांनीं २००२ मध्यें सोडली. २०१५ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें, तेव्हां इतर मालमत्तेबरोबर ग्राहकांची माहितीहि विक्रीस निघाली. आणि ती विकणार नाहीं असें वचन दिलेलें असतां! अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनीं हरकत घेतली, म्हणून तिच्यांतील बराच भाग नष्ट करण्याचें ठरलें.

व्यापाऱ्याचा लोभ ओळखण्यास सोपा असतो. सुरक्षिततेच्या नांवानें होणारी चौकशी अधिक बिकट, कारण तिच्यामागील भय खरें असतें. दहशतवादी, अमली पदार्थांचे व्यापारी इत्यादिकांची एक यादी अमेरिकेचें अर्थखातें ठेवतें, व त्यांच्याशीं व्यवहार करण्यास तेथें मनाई आहे. यास अयोग्य कोण म्हणेल? परंतु २०११ मध्यें कॅलिफोर्नियांत एक गृहस्थ मोटार घेण्यास गेले असतां, ट्रान्सयुनियन या पत तपासणाऱ्या कंपनीच्या अहवालांत त्यांचें नांव या यादीशीं जुळत असल्याचा शेरा निघाला. विक्रेत्यानें नकार दिला. मोटार शेवटीं पत्नीच्या नांवें घ्यावी लागली. जुळलें होतें तें केवळ नांव आणि आडनांव. जन्मतारीख ताडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. एकाच पेठेंत चार गोविंद कुलकर्णी पाहिलेल्या आपल्या लोकांस यांतील धोका निराळा सांगावयास नको.

असा शेरा ८,१८५ लोकांच्या नांवापुढें पडलेला होता. २०२१ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, ज्यांचा अहवाल बाहेर गेला त्या १,८५३ जणांसच नुकसानभरपाई मागतां येईल. बाकीच्यांचा शेरा कोणी वाचलाच नाहीं, तेव्हां त्यांची हानि कोणती? मला अल्पमत अधिक सयुक्तिक वाटतें. निरपराध्यावर चोर असें लिहून तें कागद कपाटांत ठेवणें हा अन्यायच आहे. कपाटाची किल्ली त्याच्या हातीं नसते. झडती घेणारास माझें नांव दिसतें, मला त्याची वही दिसत नाहीं. आणि ती दुरुस्त कोणी करावयाची हें माझ्याशीं बोलणाऱ्या विक्रेत्यास ठाऊकहि नसतें.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ मध्यें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, व मे २०२३ मध्यें केंद्राच्या ग्राहक खात्यानें दुकानदारांस मोबाइलच्या क्रमांकाचा आग्रह धरूं नये असें कळविलें. तरीहि तो विचारला जातो, आणि मागें रांग उभी असल्यामुळें आपण तो सांगून टाकतों.