फळ कुणाचे?

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात पेरूची सहा झाडे आहेत. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात सातवीतल्या एका मुलाला मी खिशात दोन पेरू घेऊन जाताना पकडले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुआ झाल्यावर, त्याला सगळ्या शाळेसमोर उभे केले. मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, "सर, पानी तो मैंच डालता था." मी त्याला दरडावून गप्प केले.

नंतर माझ्या लक्षात आले, मुलगा खरे बोलत होता.

पुण्याची हवा सौम्य. थंड मुलखात बर्फ पडला की माळ्याला सुटी मिळते. आपल्याकडे बारा महिने काही ना काही काम असतेच. पेरूचा मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाने गळतात, झाड वाळल्यासारखे दिसते. नवख्याचा जीव कळवळतो आणि तो पाणी घालून बसतो. पण ताण सोसल्याशिवाय झाड एकदम भरभरून फुलावर येत नाही. जूनच्या पावसाबरोबर पालवी फुटते, फुले येतात. पावसाळाभर आभाळ पाणी देते. ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की बादल्या सुरू होतात. थंडीत फळ पिकते. म्हणजे डिसेंबरच्या पेरूत काही पाणी अल्लाहच्या पावसाचे असते आणि काही त्या मुलाने वाहिलेल्या बादल्यांचे.

हा फरक शरीयतनेही ओळखला आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा उश्र म्हणून द्यायचा. कष्टाने पाणी देऊन वाढवलेल्या पिकाचा विसावा. उश्र कोणकोणत्या पिकांना लागू आहे, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. मला त्यामागचे तत्त्व मोलाचे वाटते. जिथे आपले श्रम कमी, तिथे दुसऱ्याचा हक्क जास्त. आणि श्रम जास्त असले, तरी दुसऱ्याचा हक्क संपत नाही.

आता माझाच हिशेब मांडतो. पाऊस माझा नव्हता, बादल्या माझ्या नव्हत्या. जमीन शाळेची. झाडेसुद्धा माझ्या आधीच्या कुणीतरी लावलेली. मग मी कोणत्या हक्काने त्या मुलाला चोर म्हणालो?

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तिचा आशय असा, की मुसलमानाने लावलेल्या झाडाचे जे खाल्ले जाते ते त्याच्यासाठी सदका ठरते. पशुपक्ष्यांनी खाल्लेलेही, आणि चोरीला गेलेलेही. ही हदीस मी वर्गात अनेकदा सांगितली होती. त्या आठवड्यातही सांगितली होती.

कुणी विचारील, मग चोरी जायज झाली का? नाही. ही हदीस लावणाऱ्याला दिलासा देते, चोराला परवाना देत नाही. घेणाऱ्याचा हिशेब वेगळा, लावणाऱ्याचा वेगळा. माझी चूक अशी, की मी दुसऱ्याचा हिशेब तपासत बसलो आणि आपली वही उघडलीच नाही. शिस्त हवीच. मोकळे सोडले तर मुले कच्ची फळेच तोडतील, पिकायला एकही उरणार नाही. पण शिस्त लावणे वेगळे आणि कष्ट करणाऱ्याला त्याच्याच कष्टाच्या फळासाठी शरमिंदा करणे वेगळे. ज्याला हक्काने मिळायला हवे त्याच्यावर लपवून नेण्याची वेळ येते, तेव्हा दोष फक्त त्याच्या हातात नसतो. वाटणाऱ्याच्या नियतीतही असतो.

आता नियम केला आहे. पहिला तोडा पाणी घालणाऱ्या मुलांचा. मग बाकीच्या वर्गांचा. शेंड्यावरची फळे पोपटांसाठी राहू देतो. चोऱ्या पुष्कळ कमी झाल्या आहेत.

त्या मुलाला मी एकटे बोलावून माफी मागितली. "कोई बात नहीं, सर," तो म्हणाला. मात्र शाळा सोडेपर्यंत त्याने पुन्हा बादली उचलली नाही. पेरूचे झाड ताण सोसून दरवर्षी फुलते. माणसाच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही, आणि शिक्षकाने तर ती मुळीच धरू नये.