फुंकर

कॅसेट चालली नाही की ती बाहेर काढायची, तिच्या फटीत जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खाचेत दाबून बसवायची. नव्वदच्या दशकात ज्या घरांत टीव्ही गेम होता, तिथल्या मुलांना हे कोणाला शिकवावे लागले नाही. फुंकर मारली की पडद्यावरचा मारिओ उड्या मारू लागे, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर विश्वास बसला. खरे तर गुण येत होता तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याने. आत-बाहेर होताना तिच्या पट्ट्या पिनांवर घासल्या जात, वरचा मळकट थर खरवडला जाई आणि तुटलेला संपर्क जुळे. फुंकरीतून आत पोहोचे ती तोंडाची वाफ. पुढे खुद्द निन्टेन्डो कंपनीने ग्राहकांना बजावले की कॅसेटमध्ये फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

माझ्या टेबलावर सध्या असाच एक टीव्ही गेम उघडून ठेवला आहे. छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या एका जुन्या घरात, पत्र्याखालच्या माळ्यावर तो कित्येक वर्षे पडून होता. घर पाडायला काढले तेव्हा नात्यातल्या एका मुलाने भंगाराच्या ढिगातून तो उचलून आणला. वरचे पांढरे प्लास्टिक चहाच्या रंगाचे झालेले. स्क्रूंची डोकी गंजून सपाट. झाकण काढल्यावर उंदराच्या लेंड्या, हिरवी भुकटी आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डबीवर चढलेला तांबडा गंज. कॅसेट बसते त्या खाचेत 60 पिना असतात. त्यांतल्या बऱ्याच हिरव्या पापुद्र्याने एकमेकींना चिकटल्या होत्या.

बाजारभावाने पाहिले तर याला काही किंमत नाही. मासायुकी उएमुरा यांनी निन्टेन्डोसाठी घडवलेला फॅमिकॉम जपानमध्ये 15 जुलै 1983 रोजी विक्रीला आला. आठ बिटांचा प्रोसेसर आणि कामापुरती 2 किलोबाइट स्मृती; आज मोबाइलवर येणारा सुप्रभाताचा एक फोटोही तिच्यात मावणार नाही. तेवढ्या स्मृतीच्या जोरावर खेळ घडवणाऱ्यांनी पडद्यावर डोंगर, ढग, बोगदे आणि राक्षस उभे केले. या यंत्राच्या नकला पुढे जगभर पसरल्या. रशियात त्यांना डेंडी म्हणत, पोलंडमध्ये पेगासस. आपल्याकडे लिटल मास्टर, मीडिया अशा नावांचे खोके दुकानांत दिसू लागले. कित्येकांवर तर नावच नसे. माझ्या टेबलावरचे यंत्र ही अशीच एक नकल. जपानी किंवा अमेरिकी संग्राहक या नकलेकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण मराठवाड्यातल्या मुलांच्या हाती अस्सल यंत्र सहसा पोहोचलेच नाही. उन्हाळ्याच्या सुटीत सगळी चाळ ज्याच्याभोवती गोळा झाली, काँट्रा हा गेम खेळताना भावंडांची ज्याच्यावरून मारामारी झाली, ते यंत्र हेच. इथल्या लोकांसाठी अस्सल तेच आहे आणि त्यामुळेच ते वाचवण्यासारखे आहे.

गंज म्हटले की कोकण आठवते, मुंबईची खारी हवा आठवते. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात वस्तू सुखरूप राहील असे वाटते. मात्र आपल्या घरांतला माळा हा वेगळाच मुलूख असतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा 40 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. विजेचा साठा करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये पातळ द्रव असतो. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. मग जूनमध्ये पत्रा गळतो, ओल धरते, आणि ऊब शोधत उंदीर येतात. उंदराचे मूत हा तांब्याचा मोठा शत्रू. त्यातले क्षार सर्किटच्या बोर्डावर बसतात, पावसाळी हवेतले पाणी ओढून घेतात आणि केसाएवढ्या तांब्याच्या रेषा हळूहळू खातात.

क्लोराइडचे क्षार तांब्यात एकदा शिरले की ओलावा आणि प्राणवायू मिळत राहील तोवर त्यांचे काम आत चालूच राहते. संग्रहालयांतल्या ब्राँझच्या जुन्या मूर्तींना हाच आजार होतो. वरून पुसून घेतले, तेलाचा हात फिरवला, की मूर्ती काही दिवस छान दिसते आणि हिरवे ठिपके पुन्हा उगवतात. म्हणून या कामात अर्धवट स्वच्छता ही अस्वच्छतेपेक्षा वाईट. वर रंग दिला, लाखेचा थर दिला, तर आत चाललेले कोणाला दिसतही नाही.

त्याच भंगारात हातात धरून खेळायचा एक ब्रिक गेमही निघाला, ठोकळे रचायचा. त्यातले सेल फुटून पांढरा खवला बाहेर आला होता. सेल कोणता, हे आधी पाहावे लागते. अल्कलाइन सेलमधून गळते ते दाहक पोटॅश; हवेशी संयोग होऊन त्याची पांढरी भुकटी होते. तिच्यावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा बोळा फिरवायचा. जुने स्वस्त जस्त-कार्बन सेल मात्र आम्लधर्मी गळतात, तिथे खाण्याचा सोडा लागतो. दोन्हींचा खवला दिसायला सारखाच, पण उतारा उलटा. हे न विचारता हाताला येईल ते लावणे म्हणजे दुखणे न पाहता औषध देणे.

मोठ्या बोर्डाचे काम संथ आहे. पहिला नियम असा की उत्सुकतेपोटी त्याला वीज लावायची नाही. क्षारांनी ओल धरलेल्या बोर्डात वीज गेली की जी झीज व्हायला वर्षे लागली असती ती काही मिनिटांत होते. आधी प्रत्येक बाजूचा फोटो, मग तोंडाला फडके बांधून कोरडा ब्रश. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने धुणे. बोरचे पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार मागे राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे उरलेले पाणी उडून जाते. धुतल्यावर भिंग धरले की खरी हानी कळते. हिरव्या रंगाखाली जिथे फुगवटा आला आहे, तिथली रेषा काळी पडलेली असते. ती हलक्या हाताने खरवडायची, मल्टिमीटरची दोन टोके तिच्या दोन टोकांना लावायची आणि कान देऊन ऐकायचे. वाजले तर रेषा जिवंत. नाही वाजले तर ती कुठे तुटली ते शोधायचे आणि मुलामा दिलेली बारीक तार मूळ रेषेच्याच वाटेने नेऊन डाग द्यायचा.

डाग देताना मला नेहमी कल्हईवाले आठवतात. पितळेच्या पातेल्यांत अन्न कळकू नये म्हणून ते नवसागर टाकून भांड्याचा तळ लख्ख करत आणि त्यावर कथिलाचा हात फिरवत. इथेही तेच कथील आहे. जुन्या सोल्डरमध्ये साधारण 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसे असे. सोल्डरिंग आयर्नचे काळवंडलेले टोक साफ करायला आजही नवसागराची वडी मिळते. बोर्डावर मात्र नवसागर वापरता येत नाही. त्याच्यात क्लोराइड आहे. पातेले धुता येते, चिपच्या पायाखालून ते निघत नाही. म्हणून इथे चिडाच्या झाडाची राळ वापरतात. ती तापली की तांब्यावरचा थर विरघळवते आणि थंड झाली की निरुपद्रवी होऊन बसते. धातू तोच, डाग तोच, पण एका वस्तूला जे मानवते ते दुसरीला मारते.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला हे शिकायला दूर जावे लागत नाही. इथून साधारण 100 किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या चित्रांचा ऱ्हास थांबवण्यासाठी निजामाच्या राजवटीत, 1920 ते 1922 या काळात, लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले गेले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का बसवला. ते काम झाले नसते तर आज पाहतो त्यातले बरेच काही जमिनीवर पडून माती झाले असते. त्याचबरोबर चित्रे उजळ दिसावीत, सुरक्षित राहावीत म्हणून त्यांनी वर लाखेचे व्हार्निशही दिले. त्यांच्याआधी, एकोणिसाव्या शतकात, चित्रांच्या प्रती काढायला आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनीही व्हार्निश लावले होते. सुरुवातीला रंग झळकले असणार. पुढे तो थर पिवळा पडला, काळवंडला, धूळ आणि काजळी धरून बसला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो काढायला दशकानुदशके लागली. बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावरून एकेका बोटाएवढा थर उतरवायचा आणि खालचा दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग हलू द्यायचा नाही, हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पनाच केलेली बरी.

त्या इटालियनांना कोणी दोषी धरू नये. त्या काळचे उत्तम ज्ञान त्यांनी वापरले आणि मनापासून वापरले. कॅसेटमध्ये फुंकणाऱ्या मुलाचेही तिच्यावर प्रेमच होते. माणसे वस्तूंचे जितके नुकसान द्वेषाने करतात, त्याहून कितीतरी अधिक ती मायेने करतात. मायेला घाई असते. वस्तू आत्ताच्या आत्ता पूर्वीसारखी दिसावी, असा तिचा हट्ट असतो. वस्तूला नेमके काय हवे आहे, हे थांबून पाहण्याचा धीर तिच्याजवळ क्वचितच असतो. म्हणून जतन करणाऱ्यांनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली आहे: जे केले ते उद्या कोणाला काढून टाकता यावे. मी जोडलेली तार उद्या कोणी कुशल माणूस उपसून अधिक चांगली घालू शकेल. पण पट्टीवरचा मूळ मुलामा मी सॅंडपेपरने घासून काढला, तर तो कोणालाच परत आणता येणार नाही.

म्हणून या खोक्याचे पिवळेपण मी तसेच ठेवणार आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले तर प्लास्टिक पुन्हा पांढरे होते, आणि आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. पण ते पांढरेपण टिकेलच असे नाही, आणि त्या पिवळ्या रंगाने कोणाचे काही बिघडत नाही. गंज काढायचा, कारण तो खातो. वय काढण्याचे कारण मला दिसत नाही.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. पुढच्या काळातल्या स्वस्त यंत्रांत सुट्या चिप नसत. सगळा संसार काळ्या लुकणाच्या एका थेंबाखाली गाडलेला असे. त्याखालच्या सूक्ष्म तारांपर्यंत गंज पोहोचला तर माणसाच्या हाताला तिथे जागाच नाही. अशा वेळी आतला बोर्ड काढून नवा बसवण्याचा मोह होतो. तसे करायलाही हरकत नाही, मात्र त्याला दुरुस्ती म्हणू नये आणि मूळ बोर्ड फेकू नये. नशिबाने या यंत्रात मोठ्या चिप सुट्या आहेत. वीज 5 व्होल्टवर आणणारा रेग्युलेटर आणि कपॅसिटर बदलले. साठही पिनांचा आवाज आता येतो.

प्रश्न उरतो टीव्हीचा. याच्याबरोबरची पिस्तूल, जिने पडद्यावरची बदके पाडायची, ती जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते. पडद्यावर प्रकाशाचा ठिपका कसा धावतो त्यावर तिचे गणित बसवलेले आहे. नव्या सपाट पडद्यावर ती आंधळी होते. ते टीव्ही एके काळी याच शहराच्या वेशीवर, पैठण रस्त्याला चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात बनत. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काचेच्या नळीचा टीव्ही उघडताना कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे ठाऊक असलेले कारागीर शहरात अजून आहेत. पैठण गेटच्या मोबाइलच्या झगमगाटामागे, शहागंजच्या गल्ल्यांत, एखाद्या अरुंद गाळ्यात ते बसलेले दिसतात. त्यांच्याकडे आता कोणी फारसे जुने टीव्ही आणत नाही. यंत्र दुरुस्त करता येईल, पण ही माणसे गेली की त्यांच्या बोटांतले ज्ञान कोणत्या पुस्तकातून काढायचे?

तुमच्याही माळ्यावर असे एखादे खोके असेल. या आठवड्यात ते खाली उतरवा. रिमोट, घड्याळ, ब्रिक गेम, ज्यात ज्यात सेल असतील ते आधी काढून टाका आणि कोरड्या फडक्याने जागा पुसून घ्या. घाईने वीज लावू नका. आणि दुरुस्तीला द्यायचे असेल तर दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. त्या कारागिराच्या गाळ्यावर स्वतः जा, आणि तो काय करतो ते घरातल्या मुलांना शेजारी उभे करून पाहू द्या.