न दिसणारे काम कोणासाठी?

दसऱ्याला आपण गाडी धुतो, बॉनेटवर झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो. खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे मांडून त्यांची पूजा करतात. ज्याच्यामुळे आपले काम चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही भावना मोठी आहे. पण एक गोष्ट पाहा, हार नेहमी दिसणाऱ्या भागालाच पडतो. गाडीच्या पोटाशी एक बंद पेटी असते. तिच्यात साधारण दोन-अडीच लिटर तेल असते आणि त्या तेलात दातेरी चाके वर्षानुवर्षे फिरत असतात. त्या गिअरबॉक्सची आठवण दसऱ्यालाही कोणाला होत नाही. या लेखात त्याच तेलाविषयी बोलायचे आहे, कारण त्याच्या निमित्ताने एक जुना प्रश्न आपल्यासमोर येतो. जे काम कोणी कधीच पाहणार नाही, ते नीट का करावे?

इंजिनाच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला मोजपट्टी असते, तेलाचा दाब घसरला तर समोर लाल दिवा लागतो. जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला असा दिवा नसतो, आणि बहुतेकांना मोजपट्टीही नसते. तेल आहे की नाही, काळे पडले आहे की कसे, हे पाहायचे तर गाडी उचलून खाली झोपावे लागते आणि बोल्ट सोडावा लागतो. बदलण्याची मुदत गाडीगणिक वेगळी असते, साधारण ४० ते ८० हजार किलोमीटर धरतात. काही कंपन्या तर 'आयुष्यभर बदलायची गरज नाही' असे म्हणतात. कोणाचे आयुष्य, गाडीचे की वॉरंटीचे, हे मात्र त्या सांगत नाहीत!

आता समजा, तुम्ही जयपूरच्या झोटवाड्यात राहता. लष्कर, रेल्वे, बँक यांच्या बदल्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे राजस्थानात काही वर्षे काढतात, त्यांतलेच तुमचे एक. तुमच्याकडे जुनी मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांहून जुनीच आहे. जयपूरची थंडी आपल्या पुण्या-नागपूरकडच्या माणसालाही चटका देते. अशा सकाळी तेल दाट होते, दुसरा गिअर अडतो. तुम्ही काळवाड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी सोडता आणि सांगता, "मिस्त्रीजी, गिअर ऑइल भी बदल देना." संध्याकाळी उत्तर मिळते, "हो गया, भाईसाहब." तुम्ही पैसे देता आणि निघता.

खरेच झाले का? हे कळायला तुमच्याकडे काहीही साधन नाही. बोल्ट नुसता पुसून चकचकीत केला तरी तुम्हाला तो उघडल्यासारखाच वाटेल. चुकीचे तेल भरले तरी त्या दिवशी गाडी छान चालेल. गिअरचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासतात, म्हणून या तेलात गंधकयुक्त रसायने मिसळलेली असतात. त्याचा तो उग्र वास त्यामुळेच येतो. ही रसायने 'जीएल-५' दर्जाच्या तेलात 'जीएल-४' पेक्षा जास्त असतात. वाचणाऱ्याला वाटते, पाच म्हणजे चारपेक्षा चांगले. पण जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवून देणाऱ्या पितळी रिंगा असतात आणि काही जीएल-५ तेलांतली रसायने पितळ हळूहळू खातात. म्हणून गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच तेल घालायचे. फरक दिसेल तो कदाचित हजारो किलोमीटरनंतर. तोवर गाडीचा मालक बदललेला असेल, गॅरेजमधला पोरगाही दुसरीकडे गेला असेल. गिअर लावताना करकर आवाज येईल, पण त्या आवाजावर कोणाचे नाव नसेल.

कर्म आणि फळ यांत इतके अंतर पडले की आपले मन लगेच पळवाट शोधते. कोणाचे नुकसान दिसत नाही, कोणी तक्रार करणार नाही, मग बिघडले कुठे? प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा येते. त्याला एक अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो, आणि मग त्याच्या हातून जे घडू नये ते घडत जाते. कथेच्या आधाराने प्रश्न विचारला आहे तो असा: ही अंगठी सज्जन माणसाला मिळाली, तर तो सज्जन राहील का? प्लेटोला त्यासाठी जादूची अंगठी कल्पावी लागली. गाडीखाली उताणे झोपलेल्या मिस्त्रीच्या बोटात ती रोज असते.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे: माणूस पाहत नसला तरी देव पाहतो. हे उत्तर खोटे नाही, पण आपण ते ज्या रीतीने वापरतो ती मला अपुरी वाटते. देव पाहतो म्हणून मी तेल बदलले, तर मी अजूनही कोणीतरी पाहण्यावरच चाललो आहे. माणसांच्या डोळ्यांऐवजी आकाशातला एक कॅमेरा बसवला, एवढाच काय तो बदल. 'अंतर्यामी' हा शब्द पाहा. तो वरून पहारा देणाऱ्याचा नाही. आत राहून चालवणाऱ्याचा आहे. जो पाना फिरवणाऱ्या हाताच्या आतच आहे, त्याला पाहायला वेगळे डोळे कशाला हवेत?

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा येते. जाजली नावाच्या तपस्व्याने इतके कठोर तप केले की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले. त्याला त्याचा अभिमान झाला, तेव्हा वाणी ऐकू आली की काशीतल्या तुलाधाराची बरोबरी तुला येणार नाही. जाजली तिथे गेला तर समोर एक दुकानदार! रस, सुगंधी द्रव्ये, लाकूड विकणारा. त्याचे म्हणणे एवढेच की माझा तराजू सर्वांना सारखा आहे. सुगंधी द्रव्यात भेसळ केली तर गिऱ्हाइकाला कुठे कळते? ज्या व्यवहारात फसवणे सर्वांत सोपे, त्याच व्यवहारातला माणूस व्यासांनी तपस्व्याचा गुरू म्हणून निवडला. झोटवाड्याजवळच सीकर रोडला औद्योगिक वसाहत आहे, तिचे नाव विश्वकर्मा. तुलाधार आज असता तर अशाच वसाहतीत कुठेतरी तेलकट हातांनी बसलेला सापडला असता, असे मला वाटते.

हे सगळे मिस्त्रीला सुनावण्यासाठी लिहिलेले नाही. अस्तेय त्याला जेवढे लागू आहे तेवढेच आपल्यालाही. दोनशे रुपयांसाठी घासाघीस करताना आपण कशाचे पैसे कापतो? काम नीट करायचे तर गाडी आधी थोडी फिरवून तेल कोमट करावे लागते, म्हणजे ते पूर्ण निथळते. चांगला मिस्त्री तेल काढायचा बोल्ट सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहतो. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढून टाकले, तर गाडी तिथेच अडकते. मग निथळण्यासाठी थांबायचे, बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावरचा कीस पाहायचा. बारीक राखाडी लेप असेल तर ठीक, धातूचे तुकडे असतील तर मालकाला बोलवायचे. वायसर नवा घालायचा, गाडी सपाट जागी ठेवून भोकातून तेल परत ओघळेपर्यंत भरायचे. ज्या वेळेची मजुरी द्यायला आपण तयार नाही, ती वेळ तो कुठून काढणार? आणि जवळ उभे राहून "जुने तेल दाखवा" म्हणणे हा अविश्वास नाही. त्याने नीट केलेले काम पाहणारा एक माणूस त्यालाही मिळतो. त्याच्या वाट्याला तो क्वचितच येत असेल.

तुमची स्वतःची परीक्षा पुढेच आहे. पुण्याला बदली झाली. आरजे १४ ची जुनी गाडी महाराष्ट्रात नेण्यासाठी ना-हरकत दाखला, नवी नोंदणी, कर, एवढे कोण करणार? गाडी इथेच विकायची ठरते. घेणारा निवारू रोडचा एक नवशिका, पहिलीच गाडी. त्याला गिअरबॉक्समधल्या तेलाबद्दल विचारायचे सुचणारही नाही. सामान बांधून झाले आहे, दोन दिवस उरले आहेत, आणि तेल शेवटचे कधी बदलले ते तुम्हाला नीट माहीत आहे. आता अंगठी तुमच्या बोटात आहे. तुम्ही तेल बदलून द्याल, की निदान "बदलायला झाले आहे" एवढे सांगून किंमत थोडी कमी घ्याल? साधनेत आपण तासभर डोळे मिटून बसतो. ते बसणे कितपत आत उतरले आहे, हे अशा दोन दिवसांत कळते.

आणि काढलेल्या तेलाचे काय? तेही दिसेनासे करणे सोपे असते. मागच्या मोकळ्या जागेत ओतले की वाळू ते पिऊन टाकते. झोटवाड्याखालचे भूजल सरकारी वर्गवारीत 'अतिशोषित' आहे, म्हणजे जितके मुरते त्याहून जास्त उपसले जाते. जयपूरला पिण्याचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बीसलपूर धरणातून आणावे लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक हिशेब सांगतो की एका वेळी इंजिनातून काढलेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते. आपल्याकडे वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. पण नियम मागच्या मोकळ्या जागेपर्यंत येत नाही. कोणी सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला ते मागून नेतो, कोणी वाळवीसाठी लाकडाला फासतो. ते आपल्या काटकसरी सवयीला बरे वाटते, पण तेल शेवटी मातीतच जाते.

म्हणून गॅरेजमध्ये विचारा की काळे तेल कुठे जाते. पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देत असतील तर तिथेच ठेवा. नसेल तर झाकणाच्या डब्यात घेऊन, दुसरे काही न मिसळता, देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. गाडी विकताना कागदपत्रांच्या पिशवीत एक साधी चिठ्ठी घाला: कोणते तेल भरले, किती, कोणत्या तारखेला, तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते. घेणारा ती कदाचित वाचणारही नाही.